शाळकरी खेळाडूंचे करार : पैसा घ्या, पण शाळा सोडू नका!

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात वेळापूर नावाचे गाव आहे. या गावचा रामजी कश्यप २०२२ साली अल्टिमेट खो-खो लीगमध्ये चेन्नईच्या संघाकडून खेळला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या भारतीय संघातही रामजी होता. कालपर्यंत ज्या खेळाच्या वाट्याला शाळेच्या मागचे मुरमाड मैदान आणि जत्रेतल्या स्पर्धेचा नारळ येत होता, त्या खेळात आता लाखांचे करार होऊ लागले आहेत. वेळापूरच्या पोराचे कौतुक आम्हालाही आहे. परंतु या कौतुकामागून एक प्रश्न जिल्ह्यातील घराघरांत शिरला आहे. मुलाला लीगच्या शिबिराला पाठवायचे की दहावी-बारावी पुरी करू द्यायची?

हा प्रश्न एकेका घराचा खाजगी प्रश्न आहे असे आम्ही मानत नाही. संध्याकाळी मैदानावर घाम गाळणारी ही मुले कोणाची आहेत? बिडी वळणाऱ्या आईची, यंत्रमागावर राबणाऱ्या बापाची, ऊसतोडीला सहा महिने घर सोडणाऱ्या कुटुंबाची. क्रिकेटची बॅट, पॅड, महागडी अकादमी यांना परवडत नाही. खो-खोला दोन खांब लागतात, कबड्डीला आखलेली जमीन लागते, म्हणून ही मुले तिकडे वळतात. तेव्हा या खेळांत पैसा आला, तर तो कोणत्या अटींवर आला हे तपासणे हे चळवळीचेच काम आहे.

आधी आकडे पाहू. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वात मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ साली ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. या लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी २०२१ साली ९०८ कोटी रुपये मोजले गेले. खो-खोची लीग २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. त्यातील संघांच्या मालकांत अदानी आणि जीएमआर यांच्यासारखी बडी घराणी आहेत. पहिल्या हंगामात वरच्या श्रेणीतील खेळाडूला ५ लाख आणि सर्वात खालच्या श्रेणीतील खेळाडूला १ लाख असा भाव होता. एक लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. बारा महिन्यांवर वाटला तर महिन्याला साडेआठ हजारही पडत नाहीत. दुसऱ्या हंगामात तर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांनाही संघांत घेण्यात आले.

दुसऱ्या हंगामाच्या तारखाही वाचकांनी नीट पाहाव्यात. २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४, ठिकाण ओडिशातील कटक. त्याच वर्षी महाराष्ट्रात बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे जो मुलगा बारावीत असेल, त्याच्या अभ्यासाचे ऐन महत्त्वाचे दिवस स्पर्धेत आणि त्याआधीच्या तयारीत गेले. वेळापत्रक ठरवताना या मुलांच्या परीक्षेचा विचार कोणी केला होता काय, हा आमचा पहिला सवाल आहे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. काही जुनेजाणते क्रीडाप्रेमी म्हणतात, पैसा आला आणि खेळ बाटला. खेळ हा हौसेने खेळायचा असतो, मुलांनी पैशाच्या नादी लागू नये. 'बाटला' हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. तो कोणाच्या तोंडी येतो आणि कोणासाठी वापरला जातो हे आम्ही पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. हौस ही भरल्या पोटाची गोष्ट आहे. ज्याच्या घरी उद्याची भाकरी ठरलेली असते, त्यालाच फुकट खेळणे परवडते.

हे आम्ही रागाने म्हणत नाही, जगाचा इतिहासच तसा आहे. इंग्लंडमधील रग्बीचे उदाहरण घ्या. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकशायर भागांत हा खेळ खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. सामन्यासाठी कामावर खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडे. तेवढी बुडालेली मजुरी भरून द्या, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. खेळाची सूत्रे हाती असलेल्या उच्चभ्रू मंडळींनी सांगितले की, पैसा घेतला तर खेळाचे पावित्र्य जाईल. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड शहरातील जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लब एकत्र आले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. तिथून रग्बीची दोन घराणी झाली. हौशांची 'रग्बी युनियन' आणि कामगारांची 'रग्बी लीग'. ज्या सोलापूरने गिरणीचा भोंगा ऐकला आहे, खाड्याची कपात भोगली आहे, त्या सोलापूरला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. लीगचा करार करणाऱ्या खेळाडूला युनियनवाले कायमचे वाळीत टाकत. वेल्समधील कार्डिफ बंदराच्या गरीब वस्तीत जन्मलेल्या बिली बोस्टन या काळ्या तरुणाने १९५३ मध्ये लीगमधील विगन क्लबशी करार केला. त्या काळात वेल्सच्या युनियन संघात एकही काळा खेळाडू नव्हता. 'पवित्र' हौशी खेळाने ज्याच्यासाठी दार उघडले नाही, त्याला 'बाटलेल्या' लीगने भाकर दिली आणि मानही दिला. विगनसाठी त्याने ४७८ वेळा गुण नोंदवणारी धाव पुरी केली. १९९५ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, युनियननेही पैसा स्वीकारला. तेव्हा पावित्र्य कुठे गेले होते?

आपल्याकडे पाहायचे तर पळवणकर बाळू यांचे नाव घ्यावे लागेल. चर्मकार समाजातील हा थोर गोलंदाज पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करीत होता. हिंदूंच्या संघाला जिंकण्यासाठी त्याचा हात हवा होता, पण त्याच्यासाठी चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. तरी त्यांच्या हातातील कसबाचे मोल चार रुपये ठरवणारी व्यवस्था कोणती होती, हे विसरता येत नाही. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, घामाचा दाम मागणे यात कमीपणा काहीच नाही. आमच्या मुलांनी तो जरूर मागावा.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? दाम देणारा दाम ठरवताना ज्या अटी घालतो, त्याबद्दल. खेळाडूचे शरीर ही त्याची एकमेव पुंजी असते आणि ती एका पडण्यात संपू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई हा मोठा चढाईपटू. २०१८ साली त्याला ३६ लाख ४० हजार मिळाले, २०१९ साली १ कोटी ४५ लाख. पुढे दुखापतीने गाठले आणि २०२२ च्या लिलावात त्याची बोली एक कोटीच्या कितीतरी खाली आली. त्याने निदान चार पैसे पाहिले होते. ज्या सतरा वर्षांच्या पोराचा गुडघा पहिल्याच शिबिरात गेला, त्याला कोण पाहणार? दहावीवर शाळा सुटलेली, गुडघा गेलेला, हातात एका हंगामाचे लाखभर रुपये. महाराष्ट्रात २००५ सालापासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण पदाची शैक्षणिक अट खेळाडूलाही पूर्ण करावी लागते. ज्याने शाळा सोडली, त्याने त्या आरक्षणाचे दारही स्वतःच्या हाताने लावून घेतले.

कायद्याची बाजू तर बहुतेक पालकांना माहीतच नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली हे पक्के केले. यात मुलाचे संरक्षण आहे, त्याला करारभंगासाठी कोर्टात खेचता येत नाही. परंतु याची दुसरी बाजू घातक आहे. एका अल्पवयीन मुलीला चित्रपटात काम देण्याचा करार तिच्या वडिलांनी केला होता. निर्मात्याने तो मोडला. मुंबई उच्च न्यायालयाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस निकाल दिला की, असा करारच रद्दबातल असल्यामुळे मुलीला भरपाई मागता येणार नाही. म्हणजे बापाने अंगठा दिला, मुलाने अंग मोडून सराव केला आणि मालकाने ऐनवेळी दुसराच घेतला, तर दाद मागायला जागा उरेलच असे नाही.

कायद्यात आमच्या बाजूचेही काही आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानचा जाहिरातींचा करार एका कंपनीशी होता. मुदत संपल्यावरही त्याने आधी आपल्यालाच विचारले पाहिजे असा कंपनीचा आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही अट अवैध ठरवली, कारण करार संपल्यानंतर कोणाच्या धंद्यावर बंधन घालता येत नाही. झहीर खानकडे मोठे वकील होते. ऊसतोड मजुराच्या मुलाकडे कोण आहे?

यावर उपाय नाही असे कोणी सांगू नये. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचे क्लब न्यूझीलंडच्या शाळांच्या युनियन संघांतून गुणी मुले कोवळ्या वयात हेरून नेतात. त्यांत मावरी आणि पॅसिफिक बेटांवरील गरीब कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने असतात. दहा जातात, एक चमकतो, नऊ परत येतात. हे तिथल्या लोकांनाही दिसले. २००८ ते २०१७ या काळात तिथे वीस वर्षांखालील मुलांची जी मोठी स्पर्धा चालत होती, तिच्यात नियम होता की, जो शिकत नाही किंवा कामधंदा करत नाही, त्याला खेळता येणार नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या लीगला तिकडे हा नियम करता येतो, तर इकडे का करता येऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार मराठीत असावा आणि सहीपूर्वी घरी नेऊन कोणालाही दाखवायला पंधरा दिवस मिळावेत. हा करार एकाच हंगामाचा असावा. दहावी-बारावीच्या परीक्षेआधीच्या तीन महिन्यांत त्या मुलांची शिबिरे आणि सामने ठेवू नयेत. करार संपल्यावरही किमान तीन वर्षे शिक्षणाचा खर्च संघमालकाने करावा. दुखापत बरी होईपर्यंतचा उपचार आणि विमा मालकाकडे असावा. पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात जमा व्हावेत, मधल्या कोणाच्या हातात नव्हे. आणि राज्य सरकारने कायद्यातली ती फट बुजवावी, म्हणजे अल्पवयीन खेळाडूला बुडालेले पैसे मागता येतील.

आणखी एक गोष्ट. खो-खोच्या लीगचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच झाले. कबड्डीत २०१६ साली महिलांचे तीन संघ उतरवून एक प्रयोग झाला आणि तो तिथेच थांबला. २०२५ च्या खो-खो विश्वचषकात मात्र आमच्या मुलींनीही सुवर्ण जिंकले आणि संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. देशासाठी जिंकायला मुली चालतात, दाम देताना त्या का दिसत नाहीत?

सरकार आणि मालक हे सगळे आपणहून देतील या भ्रमात आम्ही नाही. जानेवारी १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. सभा स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. खेड्यातील हुशार मुलगा राहण्या-खाण्यावाचून शाळेतून गळू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्याला आता शंभर वर्षे उलटली. आज गळतीचे कारण बदलले असेल, पण काम तेच आहे. बुधवार पेठेपासून वेळापूरपर्यंत प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात महिन्यातून एक रविवार आमच्या वकील बांधवांनी बसावे. करारपत्र घेऊन येणाऱ्या आईबापांना ते ओळ न् ओळ वाचून दाखवावे. शिक्षकांनी शिबिरातून परतलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास भरून काढावा. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, फार पैशाचीही नाही.

पालकांना आमची हात जोडून विनंती आहे. तुमच्या मुलाच्या पायात वेग असेल तर त्याला अडवू नका. पण कोणी इंग्रजी कागद पुढे करून 'इथे सही करा' म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा की, याच्या शाळेचे काय? त्याचे उत्तर कागदावर लिहून मिळाले तरच पेन उचला. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या तीन शब्दांत 'शिका' हा शब्द पहिला आहे.

जयभीम!