गप्पांना बाकडं हवं

आमच्या सोसायटीनं आवारातली सिमेंटची बाकडी या आठवड्यात उखडली. फळ्यावर खडूनं सूचना लागली : ‘रहिवाशांनी आवारात बसून निष्कारण गप्पा मारू नयेत.’ त्या ‘निष्कारण’चा मला मनापासून राग आलाय. बाकडं, पार, कट्टा यांची बाजू मी या सदरात पूर्वीही घेतली आहे, आजही घेणार.

त्याच बाकड्यावर तळमजल्यावरच्या आजोबांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला भरला गेला. आजोबा चष्मा घरी विसरलेले, मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीवर कागद. शेजारी बसलेली कॉलेजातली मुलगी एकेक रकाना मोठ्यानं वाचत होती आणि भरत होती. विषय सुरू झाला होता क्रिकेटवरून. ती दोघं कारण काढून कधी भेटली असती?

गप्पांमधला ‘गप’ हा शब्द मूळचा फारसी. माधव ज्यूलियनांनी फार्सी-मराठी कोश केला तो १९२५ साली. तोवर हा शब्द आपल्याकडे कधीच घरचा झाला होता. दरबारी फारसीला संस्कृत पर्याय देणारा कोश शिवाजी महाराजांनी करवून घेतला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. गप्पा मात्र टिकल्या. काबूलला, दुशान्बेला आजही लोक ‘गप झदन’ म्हणतात, आणि ‘झदन’ म्हणजे मारणं. आपण गप्पा मारतो, तेही मारतात!

शेजारच्या गुजरातीत मात्र गप्पां म्हणजे थापा. मराठीनं तसं होऊ दिलं नाही याचा मला अभिमान आहे. खोट्यासाठी आपल्याकडे थापा आहेत, बढाईसाठी बाता, पाठीमागे बोलण्यासाठी कुचाळक्या, रिकामटेकडेपणासाठी चकाट्या. एवढी कामं वाटून दिल्यावर गप्पांच्या वाट्याला उरला तो निर्मळ आनंद. म्हणून तर पाहुण्याला आपण ‘या एकदा गप्पा मारायला’ म्हणतो. चकाट्या पिटायला कुणी कुणाला बोलावत नाही. सूचना लिहिणाऱ्याला आवाजाचा त्रास होत असेल, तर त्यानं आवाजाबद्दल लिहावं. शब्दाला बदनाम का करायचं?

ताश्कंदकडे तर हा शब्द आणखी पुढे गेला आहे. उझ्बेक भाषेत ‘गप’ म्हणजे बोलणं, आणि ठरावीक दिवशी जमणाऱ्या दोस्तांच्या किंवा मैत्रिणींच्या मंडळालाही गपच म्हणतात. पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, पुलाव खायचा, पोटभर बोलायचं. पुष्कळ मंडळांत प्रत्येकानं पैसे काढायचे आणि ज्याची पाळी त्याला सगळी रक्कम द्यायची.

म्हणजे आपली भिशीच की! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला साताऱ्याची मावशी आठवली. तिच्या भिशीच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात असायच्या, आणि त्या उचलायला घरातलं सगळ्यात लहान पोर लागायचं. चिठ्ठी निघेपर्यंत पोहे, लोणच्याच्या कैऱ्या कुठं चांगल्या मिळतात, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आले, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सगळं बोलून व्हायचं. घरात जी गोष्ट नवऱ्यापुढे काढता येत नसे, ती बाई इथं काढायची आणि चौघीजणी मिळून तिला वाट दाखवायच्या. मावशीची शिलाई मशीन त्या भिशीतून आली. मशीनवरचं पहिलं काम, शेजारणीच्या लेकीचं परकर-पोलकं, तेही तिथल्याच गप्पांत ठरलं.