गोवा विद्यापीठ आणि आमचा खारा जिल्हा

परवा ऑफिसच्या ग्रुपबरोबर गोव्याला गेलो होतो. शनिवारी सकाळी बाकीची मंडळी उठायच्या मूडमध्ये नव्हती. मग मी एकटाच भाड्याची स्कूटर घेऊन ताळगावच्या पठारावर गेलो, गोवा विद्यापीठ बघायला. "गोव्यात येऊन विद्यापीठ बघणारा तू पहिलाच" म्हणून नंतर सगळ्यांनी भरपूर खेचली. खेचू देत. मी गेलो त्याला कारण होतं.

माझा मावसभाऊ लोणारजवळच्या एका गावात राहतो. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला पुढे त्यातच काम करायचंय. मावशी म्हणते बँकेच्या परीक्षा दे. काका म्हणतात पुण्याला जा, कॉम्प्युटरचा कोर्स कर, दादासारखा. (तो दादा म्हणजे मी!) मी त्याला गोवा विद्यापीठ सुचवलं तर म्हणतो कसा, "दादा, मले समुद्र थोडीच शिकाचा हाये?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून म्हटलं, आधी आपणच बघून येऊ.

जागा मात्र अफलातून आहे. जांभ्या दगडाचं पठार, चारशेहून जास्त एकराचा परिसर, सतीश गुजराल यांनी आखलेल्या इमारती आणि खाली झुआरीचं मुख. जवळच दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ सालची. पलीकडे वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती. अशा शेजारात विद्यापीठानं सागरी विज्ञान शिकवायचं नाही तर काय करायचं! कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज असे तिन्ही भाषांचे अभ्यासही तिथं आहेत. थोडक्यात, दाराशी जे आहे त्याचाच अभ्यास.

आता गंमत बघा. हे विद्यापीठ काही एका दिवसात उगवलं नाही. १९६१ नंतर गोव्यात कॉलेजं निघाली ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. मग मुंबई विद्यापीठानं पणजीत पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाचं एक केंद्र काढलं. १९८४ मध्ये कायदा झाला, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं आणि ते केंद्र त्यात सामावलं गेलं. म्हणजे आधी एक केंद्र आणि मग विद्यापीठ.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती साधारण साडेचौदा लाख. एकट्या बुलढाणा जिल्ह्याची जवळजवळ छब्बीस लाख. क्षेत्रफळात तर आमचा जिल्हा गोव्याच्या अडीचपट. मान्य, ते राज्य आहे, त्यांची विधानसभा आहे, पैसा आहे. पण म्हणून आमच्याकडे अभ्यास करण्यासारखं काही नाही, असं थोडंच आहे?

आमच्याकडे समुद्र नाही, पण खारं पाणी भरपूर. लोणारचं सरोवर म्हणजे बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं, खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्याचं. चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे जगभरातले लोक इथले दगड तपासतात. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं. का झालं? नमुने नागपूरच्या 'नीरी'त आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले आणि उत्तर आलं: पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि मिठात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. मिठागरं लाल-गुलाबी होतात ती याच जमातीमुळे. गोव्यात मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांवर काम झालेलं आहे. म्हणजे भावाला मी समुद्र शिकायला पाठवत नव्हतो, त्याच्याच तळ्याकडे जायचा रस्ता दाखवत होतो.

तिकडे पूर्णेच्या काठानं शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस भराभर गळायला लागले. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. आयसीएमआरची पथकं बाहेरून आली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सगळ्यांचे आभारच. पण प्रत्येक वेळी प्रश्न आमचा आणि उत्तर बाहेरून, हे किती दिवस चालायचं? पथक येतं, नमुने नेतं आणि जातं. तीस वर्षं त्याच विहिरींचं पाणी मोजत बसणारा माणूस पथकात येत नसतो. तो लागतो गावचाच, विद्यापीठाच्या पगारावर.

यात अमरावती विद्यापीठाला दोष द्यायचा नाहीये. पाच जिल्ह्यांची कॉलेजं सांभाळायची म्हणजे खायचं काम नाही. मूळ दुखणं जुनं आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं तेच लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे कॉलेजांनी शिकवायचं आणि विद्यापीठानं परीक्षा घ्यायची. ती सवय अजून गेलेली नाही. मी स्वतः इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत विद्यापीठात एकदाच गेलो, ट्रान्सक्रिप्ट काढायला! आपल्यापैकी बहुतेकांना विद्यापीठ म्हणजे मार्कशीटवरचा शिक्का. गोवा विद्यापीठही कॉलेजं सांभाळतं आणि परीक्षा घेतं. फरक एवढाच की तिथल्या कॉलेजातल्या पोरानं बस पकडली, तर दोन तासांत तो प्रयोगशाळेच्या दाराशी पोचतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बुलढाण्याला लगेच नवीन विद्यापीठ नको, नवीन कुलगुरू नको, कोनशिला तर अजिबात नको. लोणारला एक केंद्र हवं. भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि खारं भूजल, एवढे तीनच विषय. दहा-बारा कायमस्वरूपी प्राध्यापक, एक बरी प्रयोगशाळा, एक वसतिगृह. मुंबईनं पणजीत जे केलं तेच. पुढचं पुढे बघू.

आपण आयटीवाले गावाबद्दल बोलताना रस्ते आणि वायफाय यांवर थांबतो. मीही थांबायचो. आता वाटतं, गावाला आपले प्रश्न आपणच सोडवण्याची सोयही लागते.

असो. भावानं गोव्याचा फॉर्म भरायचं ठरवलंय. मावशीला अजून सांगितलेलं नाही. ती नेटवर नसते, म्हणून इथं लिहायची हिंमत केली. परवा फोनवर म्हणाला, "शिकून वापस येईन दादा, लोणारवरच काम करीन."

मी हो म्हटलं. पण वापस येऊन तो बसणार कुठं, हे मला त्याला सांगता आलं नाही.