नेमून दिलेल्या दिवसाची वाट

कायद्याच्या पुस्तकातले पहिले कलम सहसा कोणी वाचत नाही. त्यात कायद्याचे संक्षिप्त नाव असते, तो कोणत्या प्रदेशाला लागू आहे हे असते, आणि शेवटी एक निरुपद्रवी वाटणारे वाक्य असते: शासन राजपत्रात अधिसूचना काढून जो दिवस नेमून देईल त्या दिवशी हा कायदा अंमलात येईल. विधिमंडळाने चर्चा केली, मतदान घेतले, राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती झाली, तरी कायदा अजून जन्मलेला नसतो. त्याच्या जन्माची वेळ मंत्रालयातल्या एका टेबलावर ठरायची असते. आपल्या लोकशाहीची बरीच सत्ता या एका वाक्यात साठलेली आहे, आणि लहान गावांच्या नगरपालिकांचे मरण ज्या लेखणीने लिहिले जाते ती लेखणीही हीच आहे, असे माझे मत आहे.

या वाक्याला भक्कम पाया मिळाला तो एका खून खटल्यात. १८६९ च्या एका कायद्याने गारो टेकड्यांचा प्रदेश नेहमीच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रातून बाहेर काढण्यात आला. तीच व्यवस्था शेजारच्या खासी आणि जैंतिया टेकड्यांनाही लागू करावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरला दिला होता. त्याने १८७१ मध्ये अधिसूचना काढून ती लागू केली. पुढे तिथल्या दोघांना खुनाबद्दल शिक्षा झाली. त्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयाकडे दाद मागितली तेव्हा प्रश्न उभा राहिला, की एका अधिकाऱ्याच्या अधिसूचनेने उच्च न्यायालयाचा दरवाजा माणसासाठी बंद होऊ शकतो काय? उच्च न्यायालयाच्या बहुमताने 'नाही' म्हटले. १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने 'हो' म्हटले. कायदा विधिमंडळानेच पूर्ण केलेला आहे, तो कधी आणि कुठे लागू करायचा एवढेच प्रांताच्या प्रमुखावर सोपवले आहे, असा तो युक्तिवाद. याला पुढे 'सशर्त विधान' असे नाव मिळाले. सम्राज्ञी विरुद्ध बुरा या नावाने हा निवाडा आजही उद्धृत होतो.

या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कायदा झाला की नियम करावे लागतात, माणसे नेमावी लागतात, छापील नमुने तयार करावे लागतात. तारखेची थोडी मोकळीक प्रशासनाला हवीच. परंतु 'थोडी' या शब्दाची मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रतिबंधक स्थानबद्धतेविरुद्ध नागरिकाला अधिक संरक्षण देऊ केले. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. त्यातले हे एक कलम मात्र अंमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. १९८१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ए. के. रॉय खटल्यात सरकारला तसा आदेश देण्यास असमर्थता व्यक्त केली. १९९५ चा दिल्ली भाडे कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो तसाच राहिला. म्हणजे ज्या वाक्याचा हेतू कायद्याला सोयीच्या दिवशी सुरू करणे हा होता, तेच वाक्य कायदा कधीच सुरू न करण्याचे साधन बनले. विधिमंडळाने मंजूर केलेली गोष्ट नाकारायची असेल तर पुन्हा विधिमंडळात जावे लागते. पण ती नुसती पडून ठेवायची असेल तर काहीही करावे लागत नाही.

प्रांतिक सरकारांच्या हाती हे साधन अधिक धारदार होते, कारण त्यांच्या अखत्यारीत गावे आणि शहरे येतात. 'प्रांतिक' हा शब्द इथे केवळ इतिहासाचा नाही. आपल्या बहुतेक महानगरपालिका ज्या १९४९ च्या कायद्याखाली चालतात, त्याचे मूळ नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम असे होते. प्रांत गेला, राज्य आले, कायद्याचे नावही नंतर बदलले, पण हद्द ठरवण्याची रीत तीच राहिली. शासनाने प्रारूप अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, मुदत संपल्यावर अंतिम अधिसूचना काढायची. त्या दिवशी एक नगरपालिका नाहीशी होते आणि तिची मालमत्ता, देणी, नोकर आणि नागरिक दुसऱ्या संस्थेच्या खात्यावर जमा होतात.

याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे कल्याण. १९८२ मध्ये राज्य शासनाने कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर या परिसराची मिळून एक महानगरपालिका करण्याचे प्रारूप प्रसिद्ध केले. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले गाव. तिथल्या लोकांनी जोरदार विरोध केला आणि शासनाने उल्हासनगर वगळले. १ ऑक्टोबर १९८३ रोजी उरलेल्यांची महानगरपालिका झाली. आता ज्यांना वगळले नव्हते त्यांचा प्रश्न साधा होता. आमच्यासमोर ठेवलेले प्रारूप उल्हासनगरसह होते. उल्हासनगरशिवायच्या महानगरपालिकेबद्दल आम्हाला कोणी विचारलेच नाही. उच्च न्यायालयाला हा मुद्दा पटला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. महानगरपालिकेची हद्द ठरवणे हे कायदा करण्याच्या स्वरूपाचे काम आहे, त्यामुळे कायद्याने जेवढी हरकतीची संधी दिली आहे तेवढी पुरे, त्यापलीकडे नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू होत नाहीत, असा तो निर्णय.

या निर्णयाशेजारी दुसरा एक निर्णय ठेवून पाहावा. १९८० मध्ये नवी दिल्लीची नगरपालिका समिती गैरकारभाराच्या कारणावरून बरखास्त करण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सदस्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय असे करता येत नाही. कायद्यात तसे लिहिलेले नसले तरी ते गृहीतच आहे. दोन्ही निवाडे आपापल्या जागी सुसंगत असतील. एकत्र वाचले की मात्र विचित्र निष्कर्ष निघतो. नगरपालिकेने गैरकारभार केला असेल तर तिला संपवण्यापूर्वी तिचे ऐकावे लागते. तिने काहीच वाईट केले नसेल आणि तिला केवळ मोठ्या शेजाऱ्यात विलीन करायचे असेल, तर तिचा हक्क कायद्याने छापील मुदतीत दिलेल्या हरकतीपुरताच उरतो. अपराधी संस्थेला बचाव आहे. निरपराध संस्थेला नाही.

न्यायालयांनी नेहमीच असा हात आखडता घेतला असे नाही. १९५४ मध्ये पाटण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी दृष्टी दाखवली होती. नगरपालिकेच्या कायद्यातून नेमके करवसुलीचे कलम उचलून, त्यात फेरफार करून, ते आसपासच्या वस्तीला लागू करणारी अधिसूचना बिहारच्या राज्यपालांनी काढली. रहिवाशांचे म्हणणे ऐकण्याची जी तरतूद मूळ कायद्यात होती ती मात्र मागे राहिली. न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. लोकांना हरकतीची संधी देणे हा त्या कायद्यातला तपशील नसून त्याचे धोरणच आहे, आणि धोरण बदलण्याचा अधिकार अधिसूचनेला नाही, हे त्यामागचे सूत्र. हे सूत्र पुढे वाढायला हवे होते. कल्याणच्या निवाड्यात त्याची वाढ झाली नाही.

कल्याणची गोष्ट १९८९ मध्ये संपली असे मात्र नाही. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर पुन्हा वेगळे झाले. १९९६ मध्ये उल्हासनगरची स्वतःची महानगरपालिका झाली. सत्तावीस गावे १९८३ मध्ये आत घेतली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. २०२० मध्ये त्यांतली अठरा पुन्हा बाहेर काढण्याची अधिसूचना निघाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पुण्याभोवतीच्या गावांचीही अशीच कथा आहे: १९९७ मध्ये अडतीस गावे आत, काही वर्षांत त्यांतली बरीच बाहेर, मग २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आत. एखाद्या गावाच्या आयुष्यात चाळीस वर्षांत तीनदा कर भरण्याचा पत्ता बदलत असेल, तर त्या गावाने रस्त्याच्या खड्ड्याबद्दल कोणाला जाब विचारायचा? ग्रामपंचायत म्हणते आता आमचे नाही, महानगरपालिका म्हणते अजून आमचे नाही. हद्दीची ही ये-जा नकाशावर रेघ मारण्याइतकी सोपी दिसते. प्रत्यक्षात ती जबाबदारीचीच रेघ पुसून टाकते.

मोठ्या संस्थांच्या बाजूनेही बोलता येते. पाणी, मैला, कचरा, वाहतूक यांना गावाच्या वेशी समजत नाहीत. लहान नगरपालिकेला धरण बांधता येत नाही, आणि तिच्या करातून शिपायांचे पगार भागले तरी पुष्कळ झाले अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. विलीनीकरण म्हणजे अन्याय असे समीकरण मला मान्य नाही. परंतु ते योग्य आहे की नाही हे कोणाला विचारायचे, हा वेगळा प्रश्न आहे. कॅनडातही प्रांतांच्याच हाती नगरपालिका आहेत. ऑन्टॅरिओ प्रांताने टोरोंटो परिसरातील सहा नगरपालिका एकत्र करायचे ठरवले, तेव्हा मार्च १९९७ मध्ये घेतलेल्या सार्वमतात सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी विरोध केला. तरीही १ जानेवारी १९९८ रोजी विलीनीकरण झाले. शेजारच्या क्वेबेक प्रांतानेही असेच केले, पण सरकार बदलल्यावर जून २००४ मध्ये विलीन झालेल्या नगरपालिकांच्या जागी मतदान घेण्यात आले, आणि तीसहून अधिक नगरपालिका २००६ च्या आरंभी पुन्हा अस्तित्वात आल्या. बाकीच्यांनी एकत्र राहणेच पसंत केले. लोकांना विचारले तर ते दर वेळी फुटूनच निघतात, ही भीती खरी नाही.

आपल्याकडे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना काही संरक्षण दिले. पाच वर्षांची मुदत, बरखास्तीपूर्वी म्हणणे मांडण्याची संधी, आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक. हे संरक्षण सरळ बरखास्तीपुरते आहे. मुदत संपल्यावर निवडणूकच घेतली नाही तर? कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे एक संपूर्ण पंचवार्षिक काळ प्रशासकाच्या सहीने गेला. मुंबई आणि पुणे इथे हा काळ जवळजवळ चार वर्षांचा होता. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे फेरबदल, न्यायालयातल्या तारखा अशी कारणे होती, आणि ती सगळीच खोटी नव्हती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, तरीही त्या पूर्ण व्हायला पुढचे वर्ष उजाडले. कोणीही बरखास्तीचा आदेश काढला नाही. नेमून द्यायचा दिवस नेमून दिला नाही, एवढेच.

भाषेच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट दिसते. अधिसूचनेची मराठी एका ठरीव साच्यात चालते. 'ज्याअर्थी' अमुक झाले, 'आणि ज्याअर्थी' तमुक झाले, 'त्याअर्थी' आता प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून असे घोषित करण्यात येत आहे. यात कारणे असतात ती अधिकाराची. हे गाव का, आजच का, हरकती घेणाऱ्यांना काय उत्तर दिले, याला 'ज्याअर्थी' मध्ये जागा नसते. 'हरकतींचा विचार करण्यात आला' हे कर्मणी वाक्य तर मराठी गद्यातले सर्वांत सुरक्षित वाक्य असावे. विचार कोणी केला आणि काय केला, हे त्याला कधी सांगावेच लागत नाही. मराठीला राजभाषा करण्याच्या चळवळीला असे वाटत होते, की राज्यकारभार लोकांच्या भाषेत आला की तो लोकांना कळेल. भाषा आली. वाक्यरचना मात्र जुनीच राहिली, आणि तीच कळू न देण्याचे काम करते.

यावर उपाय क्रांतिकारक नाहीत. प्रत्येक कायद्यात अंमलाच्या तारखेची बाह्य मर्यादा असावी. त्या मर्यादेत शासनाने अधिसूचना काढली नाही तर कायदा आपोआप लागू व्हावा, किंवा विलंबाची कारणे सभागृहासमोर ठेवावीत. नगरपालिकेचे किंवा गावांचे विलीनीकरण करताना अंतिम अधिसूचनेबरोबर हरकतींवरची लेखी उत्तरे प्रसिद्ध व्हावीत, आणि प्रारूपात मोठा बदल झाला तर ते पुन्हा लोकांसमोर यावे. ज्या संस्थेचे अस्तित्व संपणार आहे तिथल्या मतदारांचे मत घ्यावे. ते बंधनकारक नसले तरी मोजलेले असावे. प्रशासकाची मुदत कायद्याने ठरावी आणि ती संपल्यावर त्याच्या धोरणात्मक निर्णयांना किंमत राहू नये.

लहान नगरपालिका कार्यक्षम असतात म्हणून त्या टिकाव्यात असे मी म्हणत नाही. पुष्कळशा नसतात. परंतु नळाला पाणी का आले नाही हे विचारायला माणसाला चालत जाता येईल अशी सत्तेची ती बहुधा शेवटची जागा असते. ती जागा बंद करायची असेल तर तसे तोंडावर सांगून, कारण देऊन, मत विचारून करावे. राजपत्राच्या एका पानावर, कर्ता नसलेल्या वाक्यात, ते होऊ नये.