ओसरीची शोकगीते पुरेत

मराठी ललितगद्यात ओसरीच्या नावाने गळा काढण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. ओसरी गेली, पडवी गेली, चाळीची गॅलरी गेली आणि त्यांच्यासोबत शेजारधर्मही गेला, अशी ही मांडणी असते. तिचा शेवट 'माणसे दुरावली' या सुस्काऱ्यात होतो. आमचा या मांडणीला विरोध आहे. ती अर्धवट आहे, आणि तिच्या अर्धवटपणाची किंमत नव्या इमारतींत राहायला जाणारे लोक मोजत आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, ओसरी ही सर्वांची जागा कधीच नव्हती. कोकणातल्या घराची खळे, पडवी, ओटी, माजघर ही रचना आल्यागेल्याला जवळ घेते, तशीच त्याला ठरावीक पायरीवर थांबवतेही. खळ्यात कोणी उभे राहायचे, पडवीत कोणी टेकायचे आणि ओटीवर कोणाला पाट मिळायचा, हे जातीने ठरत असे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) सरपण विकायला आलेल्या महार बायकांना, लाकडाला केस चिकटलेला राहू नये म्हणून सवर्ण घरातून बजावले जाते. उंबऱ्याबाहेरची ती जागा त्या बायकांना कशी दिसत असेल, हा प्रश्न ओसरीवरच्या किती ललित लेखांना पडला?

दुसरी गोष्ट चाळीची. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) वर्गात शिकवताना चाळीतला जिव्हाळा हा जणू त्या माणसांचा स्वभावगुण होता, असे आपण सांगतो. वस्तुतः तो बराचसा बांधणीचा परिणाम होता. गॅलरी हा मुळात रस्ता होता. दुसऱ्याच्या दारावरून गेल्याशिवाय स्वतःच्या दाराशी पोचता येत नसे, संडास सामाईक होते, आणि खोली एवढीशी की निम्मा संसार बाहेरच मांडावा लागे. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींना तर तशी उघडी गॅलरीही नाही. मधोमध बोळ आणि दोन्ही हातांना १६० चौरस फुटांच्या खोल्या. तरी शेजार तेथेही घडला. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या ५५६ सदनिकांच्या चाव्या देण्यात आल्या. स्वतःचा संडास मिळाल्याच्या त्यांच्या आनंदात ज्यांना सांस्कृतिक ऱ्हास दिसतो, त्यांनी त्या जुन्या खोलीत एक पावसाळा काढून पाहावा.

मग व्हरांडा गेला कसा? त्याचे उत्तर माणसांच्या मनापेक्षा नियमांच्या पुस्तकात अधिक सापडते. मुंबईत अधिमूल्य भरून बाल्कनी बंदिस्त करून घेण्याची मुभा पूर्वीपासून होती. जानेवारी २०१२मध्ये विकास नियंत्रण नियमावली बदलली आणि बाल्कनी चटईक्षेत्रात मोजली जाऊ लागली. भरपाई म्हणून निवासी इमारतींना ३५ टक्के 'फंजिबल' चटईक्षेत्र देण्यात आले. जी जागा खोलीच्याच मापाने मोजली जाते, ती कोणता बिल्डर उघडी ठेवील? आणि बाहेरच्या चार हातांपेक्षा आतली चार हात जागा मागणाऱ्या कुटुंबाला दोष तरी कसा द्यावा? अशा स्थितीत 'माणसे दुरावली' असे म्हणणे म्हणजे धोरणाचा दोष रहिवाशांच्या माथी मारणे होय.

साहित्याच्या अभ्यासकांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. शेजार म्हणजे काय याची कल्पना वाचकांच्या मनात आपण घडवतो, आणि आपण ती केवळ हळहळ म्हणून घडवली आहे. ती मागणी म्हणून घडवता आली असती. पुनर्विकासाचा नकाशा रहिवाशांपुढे येतो तेव्हा विचारायचे प्रश्न साधे आहेत: मजल्यावरच्या बोळात दिवसाचा उजेड येतो का? म्हाताऱ्यांना टेकायला तेथे एक बाक मावतो का? घरी येणाऱ्याला शेजाऱ्याचे दार दिसते, की लिफ्टमधून उतरून तो थेट आपल्याच दारात शिरतो? आणि ही जागा चटईक्षेत्राच्या हिशेबाबाहेर, पण कायम उघडी ठेवण्याच्या अटीवर, का मिळू नये? 'बटाट्याची चाळ' आणि 'जिणं आमुचं' एकाच तासाला शेजारी ठेवून वाचली, तर हे प्रश्न विद्यार्थ्यांना आपोआप सुचतील, असा आमचा विश्वास आहे.