‘प्रश्न उद्भवत नाही’

आमच्या विधिमंडळातील तारांकित प्रश्नांच्या याद्या ज्यांनी कधी चाळल्या असतील, त्यांना त्यांचा साचा परिचयाचा आहे. अमुक तालुक्यातील तमुक गावाची एस.टी.ची मुक्कामी गाडी बंद करण्यात आली, हे खरे आहे काय. असल्यास, त्यामुळे विद्यार्थी व रुग्ण यांची गैरसोय होत आहे, हेही खरे आहे काय. असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? प्रश्न असा पायरीपायरीने चढत जातो, आणि उत्तर एका उडीत खाली येते. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’, फार तर ‘अंशतः खरे आहे’. आणि उरलेल्या सर्व भागांना मिळून तीन शब्द : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ गाडी त्या गावात येत नाही हे गावाला दिसत असते. सचिवालयातील टिपणीत ती बंद झालेली नसते, तर ‘भारमान कमी असल्याने फेरीचे सुसूत्रीकरण’ झालेले असते. म्हणून बंद झाली हे खरे नाही, आणि म्हणून पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

या उत्तरांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु लोकप्रतिनिधीचा प्रश्न हे संसदीय लोकशाहीतील फार मोलाचे हत्यार आहे, आणि सार्वजनिक सेवांच्या बाबतीत ते आज पद्धतशीरपणे बोथट केले जात आहे, हा आमच्या चिंतेचा विषय आहे. अर्थसंकल्पावर भाषण करता येते, ठराव मांडता येतो, मोर्चा काढता येतो. पण मंत्र्याला उभे करून ‘हे खरे आहे काय’ असे विचारण्याची आणि उपप्रश्नांनी त्याला आकड्यांवर आणण्याची संधी केवळ प्रश्नोत्तराच्या तासात असते. समाजवादी चळवळीने या हत्याराची धार ओळखली होती. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत बहुसंख्य भारतीयांचे रोजचे उत्पन्न तीन आणे असल्याचे सांगितले, तेव्हा सरकारला आपला पंधरा आण्यांचा आकडा घेऊन पुढे यावे लागले आणि गरिबीचा हिशेब देशाच्या चर्चेत आला. कोकण रेल्वेचा प्रश्न नाथ पै यांनी लोकसभेत लावून धरला. त्यांच्या निधनानंतर १९७१ पासून राजापूरचेच प्रतिनिधी म्हणून मधु दंडवते यांनी तो सोडला नाही. १९७७ साली तेच रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या, त्यामागेही प्रवाशांच्या वतीने प्रश्न विचारण्याची सवयच होती असे आम्ही मानतो. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग सुरू झाला. चिकाटीने विचारलेल्या प्रश्नाला वीस-पंचवीस वर्षांनी का होईना, रूळ फुटतात.

मग आज एस.टी.च्या प्रश्नाला अंकुर का फुटत नाही? याचे एक कारण महामंडळाच्या घडणीतच आहे. सार्वजनिक सेवा चालवण्यासाठी सरकारी खाते नको, खाजगी कंपनीही नको, तर स्वायत्त महामंडळ हवे, हा विचार मुळात समाजवाद्यांचाच. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे हर्बर्ट मॉरिसन यांनी लंडनच्या वाहतुकीसाठी तो मांडला, आणि १९३३ साली लंडन प्रवासी वाहतूक मंडळ अस्तित्वात आले. धोरण मंत्र्याचे, दैनंदिन कारभार मंडळाचा, अशी ती वाटणी होती. अर्नेस्ट बेव्हिन यांच्यासारख्या कामगार पुढाऱ्यांनी त्याच वेळी हरकत घेतली होती, की अशा मंडळात कामगारांच्या संघटनांना हक्काची जागा हवी. ती हरकत बाजूला पडली. आपल्याकडे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाने हाच नमुना स्वीकारला.

त्या अधिनियमाची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम १८ महामंडळावर कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसंबद्ध सेवा देण्याचे कर्तव्य टाकते. कलम २२ म्हणते की महामंडळाने व्यापारी तत्त्वावर काम करावे. दोहोंचा मेळ घालणे ही धोरणाची बाब आहे, आणि त्यासाठीच कलम ३४ ने राज्य शासनाला महामंडळास आदेश देण्याचा अधिकार दिलेला आहे. व्यवहारात घडते ते निराळेच. आडवळणाच्या गावाची फेरी बंद झाली की मंत्री कलम २२ च्या आडोशाला जातात : फेरी तोट्याची होती, व्यापारी तत्त्व आहे. कामगारांचे पगार थकले की स्वायत्ततेच्या आडोशाला जातात : ती महामंडळाच्या प्रशासनाची बाब आहे. आणि सवलत जाहीर करावयाची असली की आडोसा सोडून फलकावर येतात! २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना मोफत प्रवास मिळाला, २०२३ च्या मार्चमध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट मिळाले. दोन्ही निर्णयांचे आम्ही स्वागतच करतो. खेड्यातील बाईला तालुक्याच्या गावी जाणे निम्म्या खर्चात शक्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच की, सवलत सरकारची आणि तोटा मात्र महामंडळाचा, हा हिशेब कोणत्या वहीतला? कित्येक वर्षे तर महामंडळाच्या अध्यक्षपदी परिवहनमंत्रीच बसत आले. दिवाकर रावते बसले, अनिल परब बसले. ज्या गृहस्थाने सकाळी अध्यक्ष म्हणून निर्णय घ्यावयाचा, त्यानेच दुपारी मंत्री म्हणून सभागृहात त्याच्यापासून अंतर राखावयाचे, ही कसरत पाहण्यासारखी असते.

‘तोटा’ या शब्दावरही थोडे थांबले पाहिजे, कारण एस.टी.विषयीची प्रत्येक चर्चा तेथेच अडवली जाते. २०२५ च्या जूनमध्ये शासनाने महामंडळाची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या पलीकडे गेल्याचे तीत नमूद झाले. आकडा भयंकर आहे, यात शंका नाही. पण तो झाला कसा? १९५८ च्या कायद्यान्वये राज्य सरकार एस.टी.च्या उत्पन्नावर प्रवासी कर घेत आले आहे आणि त्याचा दर साडेसतरा टक्क्यांपर्यंत गेला. याचा अर्थ, शंभर रुपयांच्या मूळ भाड्यावर साडेसतरा रुपये शासनाच्या तिजोरीत. डिझेलवर विक्रीकर वेगळा, पथकर वेगळा. शासन एका हाताने हे घेते, दुसऱ्या हाताने सवलतींची प्रतिपूर्ती उशिरा देते, आणि मग तिसरा हात वर करून सांगते की हे महामंडळ पांढरा हत्ती आहे. ज्या रस्त्यावर खाजगी वडापवाला सकाळ-संध्याकाळ भरलेल्या वेळी प्रवासी उचलतो, त्याच रस्त्यावर भर दुपारची रिकामी फेरी मारण्याचे कर्तव्य एस.टी.चे आहे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे : जो लाभ समाजाला होतो पण तिकिटात उतरत नाही, त्याची किंमत कोणी द्यावी? शाळेत पोहोचलेली मुलगी आणि दवाखान्यात वेळेवर गेलेली गरोदर स्त्री महामंडळाच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाहीत. त्या ताळेबंदात दिसतो तो चालक-वाहकांचा पगार. आणि मग तोट्याचे खापर त्यांच्याच माथी फुटते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात या कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरण मागितले, त्यामागे पगाराइतकीच ही भावना होती की आमचा मालक कोण, हे एकदा कोणीतरी स्पष्ट सांगा.

मालक कोण, हा प्रश्न मुंबईत तर याहून भेसूर रूपाने उभा राहिला आहे. बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेच्या मालकीची झाली. एके काळी तिच्या चार हजारांवर गाड्या होत्या. गेल्या काही वर्षांत ‘भाडेतत्त्व’ आले : गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची, बेस्टने किलोमीटरमागे पैसे मोजावयाचे. स्वतःच्या गाड्या मोडीत निघत गेल्या, नव्या आल्या नाहीत. काही कंत्राटदार मुदतीपूर्वीच निघून गेले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी काम थांबविले, तेव्हा मुंबईकर थांब्यावर ताटकळत उभा होता. बेस्ट म्हणत होती चालक आमचे नाहीत, आणि चालक म्हणत होते गाडीवर नाव तर बेस्टचेच आहे.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याच्या गर्दीच्या रस्त्यावर अशीच एक भाड्याची विद्युत बस बेभान होऊन माणसांना व वाहनांना चिरडत गेली. माणसे मेली, कित्येक जायबंदी झाली. मोठी विद्युत गाडी हाती देण्यापूर्वी चालकाला किती दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते, ते देण्याची जबाबदारी करारात कोणावर आहे, ते दिले गेले हे तपासतो कोण, असे प्रश्न त्या रात्री मुंबईतील प्रत्येक घरात विचारले गेले. ते अधिकाराने विचारण्याची जागा कोणती? नगरसेवकांची बेस्ट समिती. पण महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती आणि जवळपास चार वर्षे निवडणूकच झाली नाही; म्हणजे त्या रात्री मुंबईत ना नगरसेवक होता, ना समिती. मग विधानसभा? अपघातानंतर आठवड्याने, १६ ते २१ डिसेंबर, नागपुरात अधिवेशन भरले. मंत्र्यांचा शपथविधी १५ तारखेला झाला होता, आणि खातेवाटप झाले ते २१ तारखेला. अधिवेशनाचे सारे दिवस सभागृहात मंत्री होते, पण परिवहन खात्याचा मंत्री नव्हता आणि नगरविकास खात्याचाही नव्हता. खाते पदरी नसल्यावर उत्तराचा भार कोणाच्या शिरावर?

हा निव्वळ योगायोग आहे, असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु सेवा कंत्राटदाराकडे, समिती विसर्जित, मंत्री बिनखात्याचे, ही तीनही दारे एकाच वेळी बंद सापडावीत, यात एक दिशा दिसते. खाजगीकरणाविषयी आपण बहुधा भाड्याच्या आणि नोकऱ्यांच्या भाषेत बोलतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याचा अधिक खोल परिणाम असा की, प्रश्नाचा पत्ताच हरवतो. सरकारी गाडीचा ब्रेक निकामी झाला तर मंत्र्याला विचारता येते. कंत्राटी गाडीचा झाला तर मंत्री सांगणार की ‘करारातील अटींनुसार कार्यवाही करण्यात येत आहे’, आणि करार मागितला तर तो व्यापारी गोपनीयतेचा विषय ठरणार. एस.टी.साठी १,३१० गाड्या भाड्याने घेण्याचा व्यवहार २०२५ च्या आरंभी मुख्यमंत्र्यांनाच स्थगित करावा लागला. तो तसा का ठरला होता, कोणत्या दराने ठरला होता, हे सभागृहाला आधी कळले असते तर स्थगितीची वेळ आली असती काय?

सदस्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. पुष्कळ प्रश्न बदल्यांचे असतात, ठेक्यांचे असतात. काही तर उत्तर मिळण्यासाठी नव्हे, मागे घेण्यासाठीच विचारले जातात, अशी कुजबुज विधानभवनाच्या आवारात जुनीच आहे. विरोधी बाकांवरील सदस्य सभात्याग करून बाहेर पायऱ्यांवर घोषणा देतात, आणि आत प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो. पायऱ्यांवर कॅमेरे असतात, हे खरे. पण मंत्र्याला सर्वांत हायसे वाटते ते त्याच क्षणी. मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, कारण मोर्चा आटोपल्यावर त्या पाण्याचा प्रश्न घेऊन महापालिकेत आणि विधानसभेतही जात, आणि तोच पुन्हा विचारीत.

येत्या अधिवेशनासाठी एक प्रश्न आम्हीच सुचवितो. कोणत्याही पक्षाच्या सदस्याने तो आपल्या नावाने द्यावा. राज्य परिवहन महामंडळ व महापालिकांचे परिवहन उपक्रम यांनी भाडेतत्त्वावर घेतलेल्या गाड्यांचे सर्व करार सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आले आहेत, हे खरे आहे काय. नसल्यास, ते केव्हा ठेवण्यात येतील. या करारांखालील चालकांचे किमान प्रशिक्षण, कामाचे तास व वेतन किती. अपघात झाल्यास उत्तरदायी कोण. आणि प्रवासी कर व सवलतींची प्रतिपूर्ती वेगळी दाखविल्यास महामंडळाचा गेल्या दहा वर्षांचा तोटा प्रत्यक्षात किती उरतो? ही दैनंदिन कारभाराची बाब आहे, असे सांगून तो नाकारला गेला, तर कलम ३४ चा हवाला देऊन पुन्हा द्यावा. उत्तर अपुरे आले, तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. आणि ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, तर ते वचन आश्वासन समितीच्या यादीत नोंदवून घ्यावे आणि पुढच्या अधिवेशनात त्या यादीचा तो क्रमांक उच्चारून मंत्र्यांना विचारावे, की माहिती गोळा झाली काय.