गळाला ठेका कशाला?

गळ टाकून बसलेला माणूस म्हणजे रिकामटेकडा, असं समजायची आपल्याकडं जुनी पद्धत आहे. नांगर धरतो तो कष्टाळू, जाळं ओढतो तो मच्छीमार आणि गळवाला आळशी. इथवर ठीक होतं. आळशी म्हटल्यानं कुणाच्या घरची चूल विझत नाही. पण आता त्याला दुसरं नाव मिळालंय. ठेक्याच्या पाण्यावर गळ टाकला की तो चोर. या नावाला माझी हरकत आहे, आणि ती नीट कारणं देऊन सांगतो.

आधी आमच्याकडं हे पाणी कसं आलं ते सांगतो. मोलगीहून उत्तरेला डोंगर उतरत गेलं की नर्मदा लागते. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी ही आमच्या अक्कलकुवा तालुक्यातली काठावरची गावं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली, ती सगळी अक्कलकुवा आणि धडगाव या दोन तालुक्यांतली. 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. 2006 मध्ये भिंत 121.92 मीटरवर गेली. 2019 मध्ये पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरला टेकलं. हे आकडे आमच्याकडं शाळेत न गेलेला म्हातारासुद्धा सांगतो, कारण दर मीटरमागं कुणाचं तरी शेत आहे.

नदी वाहत होती तेव्हा मासा धरायची रीत निराळी होती. खडकावर बसायचं आणि डोहाच्या तोंडाशी, जिथं धार मंद होते तिथं गळ सोडायचा. महासीर मिळायचा. त्याला वाहतं पाणी लागतं आणि अंडी घालायला गोट्यांचा स्वच्छ तळ लागतो. पाणी थांबलं, गोट्यांवर गाळ बसला, मग महासीर तिथं का राहील? राहिले ते थांबल्या पाण्यात तगणारे मासे: कटला, रोहू, चिलापी. आणि त्यांच्या पिलांवर जगणारे शिवडा आणि मरळ. शिवडा म्हणजे अंगावर खवले नसलेला, लांब मिशांचा, तोंड मागपर्यंत फाटलेला मासा. त्याचं तोंड एकदा पाहिलं की तो काय खात असेल हे विचारावं लागत नाही.

खडक बुडाले, तेव्हा काठच्या माणसानं नवी रीत धरली. नाव वल्हवत वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यायची, वल्हं आत घ्यायचं आणि नाव वाऱ्यावर सोडून द्यायची. ती आडवी होऊन हळूहळू सरकते. फार पळायला लागली तर पोत्यात दगड घालून ते दोरीनं पाण्यात लोंबतं सोडायचं. चाल निम्म्यावर येते. आवाज काहीच नाही. इंजिनाची फटफट ऐकून मासा तळाला जातो, सरकत्या नावेला तो ओंडका समजतो.

आमिष जिवंत लागतं. बोटभर लांबीची चिलापी घ्यायची आणि पाठीवरच्या पराखालून गळ कातडीतून ओवायचा. मणका सांभाळायचा, म्हणजे ती पोहत राहते. बुडालेल्या सागाची खोडं जिथं उभी आहेत, त्यांच्या कडेकडेनं नाव जाऊ द्यायची. शिवडा तिथं दडून असतो. त्यानं आमिष धरलं की लगेच ओढायचं नाही. तो ते तोंडात धरून वळतो, मग गिळतो. दोरी चालायला लागली की झटका द्यायचा. नकली आमिषाचं उलटं आहे. चमचा म्हणा की रबरी बेडूक, त्याला चव नसते. मासा दुसऱ्या क्षणाला थुंकून देतो, म्हणून तिथं तोंड लागताच झटका. दिवसभर नाव सरकवत दोन माणसांनी बसावं, तेव्हा दोन-तीन मासे. कधी तेही नाही, नुसतं ऊन.

आता मला सांगा, यात चोरी कुठं आहे?

पहिलं कारण आमिषाच्या मापाचं. बोटभर आमिष गिळायला तोंड तेवढं मोठं लागतं. लहान मासा ते गिळूच शकत नाही. म्हणजे गळवाला टाकतानाच निवड करतो. चुकून कोवळा मासा लागलाच तर गळ काढून तो परत सोडता येतो. बारीक फासाच्या जाळ्यात ही सोय नाही. त्यात जे शिरलं ते वर येतं, आणि टोपलीत पडेपर्यंत निम्मं मेलेलं असतं. पुढच्या सालाचं बियाणं आजच भाजून खाण्यासारखं आहे ते. शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरं कारण ठेकेदाराच्याच फायद्याचं. तो पाण्यात कटला-रोहूचं बीज सोडतो आणि शिवडा, मरळ ते बीज खातात. म्हणून शेततळ्यात बीज सोडण्याआधी असले मासे काढून टाका, असा सल्ला मत्स्यशेतीच्या प्रत्येक पुस्तकात असतो. त्यासाठी मोहाची पेंड टाकायला सांगतात, मीटरभर खोलीच्या हेक्टरभर पाण्याला अडीच हजार किलोपर्यंत. आमच्या डोंगरातल्या मोहाच्या टोळंबीचं तेल काढून उरलेली ती पेंड, पाण्यात विष होते. एवढ्या मोठ्या जलाशयात पेंड टाकणं कुणाच्या बापाला जमणार नाही. तिथं हे मासे काढतो कोण? गळवाला. आणि चोर तोच!

सपाटीवरच्या एका तलावावर ठेकेदाराच्या माणसांनी माझ्या नात्यातल्या एका पोराचे गळ तोडून पाण्यात फेकले होते. पोराच्या पिशवीत एक मरळ होती. त्याच आठवड्यात त्याच पाण्यातून ठेकेदाराचा टेम्पो भरून गेला, त्यात बोटाएवढी पिल्लंसुद्धा होती. त्याला कुणी अडवलं नाही, कारण त्याच्या खिशात पावती होती.

तिसरं कारण हक्काचं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये वनवासी समाजाच्या सामूहिक हक्कांत पाण्यातले मासे आणि इतर उत्पादनं स्पष्ट लिहिलेली आहेत. ज्या पाण्याखाली आपलं जंगल, आपलं वावर, आपल्या देवाचा दगड आहे, त्या पाण्यातला एक मासा पोरांसाठी धरायला पावती मागणं, हे मला कायद्याच्या अक्षरातही बसताना दिसत नाही आणि माणुसकीत तर नाहीच.

कुणी म्हणेल, सगळ्यांना मोकळीक दिली तर पाणी उजाड होईल. भीती खरी आहे, पण ती गळाची नाही. पाणी उजाड होतं ते जिलेटिनच्या कांडीनं, विजेच्या तारेनं आणि औषध टाकून. हे करणारे सगळे बाहेरचे नाहीत. आपलीही पोरं त्यात आहेत. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणं हा 1897 च्या इंग्रजी कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षांचा कायदा कागदावर राहतो आणि पहारेकरी मात्र बांबूच्या काठीवाल्याला गाठतो, कारण तो पळत नाही. कांडीवाल्याला पकडा, मी स्वतः साक्षीला येतो.

शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींनाही दोन शब्द. महागडी काठी, डबाभर रंगीत नकली आमिषं घेऊन तुम्ही येता, मासा धरता, फोटो काढता, सोडता. माझं काही म्हणणं नाही. पण जिवंत आमिष लावणाऱ्या आमच्या माणसाला तुम्ही क्रूर म्हणता, ते पटत नाही. मरळ आपल्या पिलांची राखण करते. पावसात लाल पिलांचा घोळका पाण्यावर दिसतो, त्याच्याखाली आई-बाप असतात. त्या घोळक्यावर रबरी बेडूक फेकला की मरळ भुकेनं नाही, रागानं तोंड मारते. तुम्ही ती सोडून द्याल, पण तेवढ्या वेळात दुसरे मासे पिलांवर पडतात. जाणता गळवाला लाल घोळका दिसला की नाव दुसरीकडं वळवतो. क्रूर कोण, ते ठरवा.

तुमची ती आमिषं ज्या अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी निघाली, तिथंही धरणांचे मोठमोठे जलाशय आहेत. सरकारी लायसन्स काढलं की तिथला सामान्य माणूस नाव सोडून गळ टाकतो. त्याच्या काठीवर लिलावाची बोली लागत नाही. आपण तिथून रबरी बेडूक आणला, ती रीत तेवढी तिथंच ठेवली.

आणि लांब जायचं कारण नाही. नर्मदेचीच उपनदी तवा. तिथल्या धरणात उठलेल्या आदिवासींनी भांडून 1996 मध्ये मासेमारीचा हक्क आपल्या संघाकडं घेतला आणि दहा वर्षं चालवला. बीज सोडलं, पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद ठेवली, उत्पादन वाढवून दाखवलं. 2006 च्या शेवटी तो हक्क गेला, तो कारभार बिघडला म्हणून नाही. व्याघ्र प्रकल्पाचं कारण पुढं आलं. बुडालेली माणसं पाणी सांभाळू शकतात, याचा याहून मोठा पुरावा कुणाला हवा?

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. जिथं गावं बुडाली, तिथला मासेमारीचा हक्क त्या गावांच्या संस्थांना द्या, बोली लावणाऱ्याला नको. जाळ्याच्या फासाचं माप ठरवा आणि ते काठावर येऊन मोजा. अंडी घालायच्या दिवसांत सगळ्यांनाच बंदी करा, गळवाल्यालासुद्धा. आणि बाकीच्या दिवसांत एक माणूस, एक काठी, एक दोरी, हे कुठल्याही ठेक्याच्या कागदात घालू नका.

जमीन गेली तेव्हा तिची किंमत सरकारनं ठरवली. निदान माशाची किंमत तरी, तो धरायला दिवसभर नाव सोडून बसणाऱ्याला ठरवू द्या.