राईसप्लेटचा हिशेब

पैसा वसूल! शहरातल्या कुठल्याही हॉटेलातनं चार माणसं ढेकर देत बाहेर पडली की पहिला शब्द हाच. वसूल झाला का? भाजी किती दिली, पापड दिला का, दुसऱ्यांदा वरण मागितलं तर वेटरनं तोंड वाकडं केलं का, एसीचे किती जास्त लावले. पेपरांच्या रविवारच्या पुरवण्या यावर रकाने भरतात. मोबाईलवर तर ज्याला त्याला पाच पाच तारे वाटायला दिलेत. पांढरपेशाचा पोरगा मिसळीच्या तर्रीवर चारशे शब्द लिहितो आणि शेवटी न्यायाधीशासारखा निकाल देतो : किमतीच्या मानाने ठीक.

माझं भांडण तर्रीशी नाही. मीही खातो. पगार झाला की मीही हॉटेलात जातो. मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचतो, डावी नंतर. ज्याच्या खिशात मोजके पैसे असतात त्याला हिशेब करावाच लागतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दोस्तांनो, हा हिशेब अर्धाच होतो. टेबलापासून गल्ल्यापर्यंत होतो आणि तिथंच वही मिटते. मी म्हणतो, आज सबंध वही उघडू या.

पहिला आकडा खुर्चीचा.

हॉटेलात आपण नुसतं अन्न विकत घेत नाही. तू कोण, कुठला, हे न विचारता मिळणारी खुर्ची विकत घेतो. मघाशी दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागलेला आणि धुऊन आपल्यापुढं आलेला ग्लास विकत घेतो. ज्यांना ही खुर्ची जन्मतःच फुकट मिळाली त्यांच्या हिशेबात तिची किंमत शून्य. आपल्या वहीत तो सगळ्यात मोठा आकडा आहे.

आमच्या तालुक्याच्या स्टँडवर माझा बाप चहा प्यायचा तो कान तुटलेल्या कपात. कप छपराच्या वळचणीला खोचलेला. बापानं तो स्वतः काढायचा, चहा वरनं ओतून घ्यायचा, प्यायचा, स्वतः विसळायचा, परत खोचायचा. चहाचा भाव मात्र सगळ्यांना एकच. म्हणजे बघा, कप धुवायची मजुरी बापाची आणि पैसेही पुरे बापाचेच. वर पैसे हातात घ्यायचे नाहीत, फळीवर ठेवायला लावायचे. पैशाला विटाळ नाही, हाताला आहे! आता सांगा, त्या चहाला किती तारे द्यायचे?

पैसे असले की जात सुटते असं सांगणारे विद्वान आजही आहेत. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस. राहायला जागा कुणी देईना, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. पैसे देऊन राहिले, फुकट नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळक्यानं त्यांना तिथनं बाहेर काढलं. खिशात पैसा होता, डोक्यात विद्या होती, कमी होती ती फक्त जात.

याच्या उलटचा चहा कोल्हापुरात झाला. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी धंदा काढायला लावला. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. महाराचा चहा प्यायला कोण येणार? कोणी येईना. मग महाराजांनी आपला खडखडा तिथं थांबवला, स्वतः चहा प्याले आणि सोबतच्या बड्या बड्यांना पाजला. मराठी मुलखात खरा पैसा वसूल झालेला चहा मला विचाराल तर तो. त्याची चव कशी होती हे कोणी लिहून ठेवलं नाही, आणि लिहायची गरजही नव्हती.

पुढं घटना आली. तिच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन सांगावं लागलं, की धर्म, जात, लिंग बघून कुणाला अडवता येणार नाही. १९५५ साली अस्पृश्यतेचा कायदा झाला. त्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचासुद्धा उल्लेख करावा लागला. देशाच्या कायद्याला कपबशीपर्यंत उतरावं लागलं, यावरनं ओळखा ती कपबशी केवढी जड होती. १९७६ च्या दुरुस्तीनं शिक्षा ठरवली : एक ते सहा महिने तुरुंग आणि दंड कमीत कमी १०० रुपये, जास्तीत जास्त ५००. आज शहरातल्या बऱ्या हॉटेलात नवरा-बायको-दोन पोरं जेवली तर ५०० रुपयांत भागत नाही. माणसाच्या इज्जतीचा दंड एका फॅमिलीच्या बिलापेक्षा स्वस्त! १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा कडक आहे, म्हणून तर तो रद्द करा म्हणून मोर्चे निघतात.

आता शहरात कोण विचारतं, असं म्हणणाऱ्यांनी रविवारी रात्री कुठल्याही गर्दीच्या हॉटेलाबाहेर उभं राहावं. दारात वही घेऊन माणूस उभा असतो. नाव सांगा, किती जण? मग तो मोठ्यानं पुकारतो : जोशी, सहा! पाटील, चार! आपली पोरं बघा. राहुल सांगतात, अमित सांगतात, आडनाव गिळतात. मसाला डोसा खायला आलेला इंजिनिअर पोरगा आडनाव गिळतो. बिलात हा आकडा कुठं छापलेला असतो, दाखवा मला.

दुसरा आकडा पाटीचा.

'शुद्ध शाकाहारी'. अरे, शाकाहारी म्हणा ना, पाला खा, आमची काय हरकत? पण ते 'शुद्ध' कशाला? समोरचा खिमापाव मग अशुद्ध? तो खाणारा अशुद्ध? तेल जुनं, पनीर भेसळीचं, मोरीत झुरळं आणि पाटी शुद्ध! हा स्वच्छतेचा शब्द नाही. सोवळ्याचा शब्द आहे, आणि त्याचे पैसे आपल्याकडनंच वसूल करतात. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटो कंपनीनं शाकाहाऱ्यांचं जेवण पोचवायला वेगळी माणसं आणि वेगळा हिरवा पोशाख काढला. बोंब उठली तसा दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख मागं घेतला. कप गेला, वळचण गेली, आता डबा आणणाऱ्याच्या अंगावर विटाळशुद्धी शिवायची होती.

मद्रासला १९५७ साली पेरियारांच्या माणसांनी हॉटेलाच्या पाटीवरला 'ब्राह्मण' हा शब्द काढा म्हणून दारात धरणं धरलं. आपल्या पुण्या-मुंबईत आजही 'ब्राह्मणी पद्धतीचं घरगुती जेवण' मिळतं, 'खास मराठा पद्धतीचं मटण' मिळतं. महार पद्धतीचं, मांग पद्धतीचं कुठं मिळतं? पाटी दाखवा आणि बक्षीस न्या. आमच्या आयांनी वजडी धुऊन, चान्या वाळवून, रक्ती शिजवून जी चव उभी केली तिच्यावर शाहू पाटोळेंना २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहावं लागलं. पुस्तकात चव आली, मेनूकार्डावर आली नाही. आली तरी आईचं नाव पुसून येते. वजडी फ्राय, स्पेशल, जादा दर. आणि त्याच २०१५ साली या राज्यात बैल-वळू कापायला बंदी आली. गाईला आधीपासून होतीच. गरिबाच्या ताटातलं स्वस्तातलं मोठ्याचं मटण सरकारनं उचलून नेलं, म्हशीचं तेवढं राहिलं. तेव्हा पैसा वसूलवाल्यांपैकी एकानंही लिहिलं नाही, की बाबा, या माणसाची प्लेट महाग झाली.

तिसरा आकडा मागच्या दाराचा. हा नीट वाचा, कारण तो आपल्यालाही सांगायचा आहे.

हॉटेलाला दोन दारं असतात. पुढच्या दारानं पैसा आत येतो. मागच्या दारानं उष्टं, खरकटं आणि माणूस बाहेर जातो. आत भट्टीवर आचारी असतो, त्याला मान. टेबलावर वेटर असतो, त्याला टीप. मग फडकं मारणारा पोऱ्या. २००६ च्या १० ऑक्टोबरपासून हॉटेलात, ढाब्यावर, चहाच्या टपरीवर चौदा वर्षांखालचं पोर ठेवायला बंदी झाली. पोऱ्याचं वय वाढलं, हाक तीच राहिली : ए पोऱ्या! त्याच्याही खाली मोरीवाला. दिवसभर पाण्यात उभा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. रात्री शटर पडलं की टेबलं जोडून तिथंच झोपतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. मोरीवाल्याला विचारा, तुझा दर काय? तो म्हणेल, शेट जेवण देतो. जेवण देतो म्हणून पगार कापतो, हे तो सांगत नाही.

आणि मोरीच्याही खाली चेंबर. तूप, तेल, भाताचं शित साचून हॉटेलाचं चेंबर तुंबतं. तुंबलं की रात्री अकरानंतर फोन जातो. माझा मावसभाऊ हे काम करतो. सुरक्षेच्या साधनांवाचून माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. त्याला साधन म्हणून मिळतो एक बांबू आणि एक बादली. ज्या हॉटेलाला लोकांनी साडेचार तारे दिलेत त्याचं चेंबर तो मोकळं करतो. काम झालं की मागच्या दारानं पिशवी मिळते, उरलेला पुलाव, दोन रोट्या. आत बसून खा असं त्याला कोणी म्हणत नाही. पाणी मागितलं तर प्लॅस्टिकच्या बाटलीतनं, आणि ती बाटली परत घेत नाहीत. काय सुधारणा झाली बघा! बापाला कप निदान विसळायला तरी लावायचे. आता विसळायचीही गरज नाही, भांडंच फेकायचं. कोणाला शंकाही येत नाही आणि शेटला कायदाही लागत नाही.

पुण्यात २०१७ साली मोठ्या पदावरच्या एका बाईंनी स्वयंपाकीणबाईवर पोलिसात तक्रार दिली होती, जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला म्हणून. मग हॉटेलाच्या भटारखान्यात काय चालत असेल? भाकरी थापणाऱ्या बाईची जात विचारतात. भांडी घासणाऱ्या बाईची विचारत नाहीत. ती ठाऊकच असते.

यावर मालकाचं उत्तर तयार असतं. त्याला जादा दिलं तर प्लेट महाग होईल आणि तुमच्यासारख्यालाच परवडणार नाही. म्हणजे एका गरिबाच्या पोटावर दुसऱ्या गरिबाला बसवायचं आणि वर स्वतः गल्ल्यावर बसायचं! शेट, जागेचं भाडं वाढलं तेव्हा प्लेट महाग केली. गॅस वाढला, केली. रंगीत दिवे लावले, केली. फक्त मोरीवाल्याच्या नावानं चार रुपये वाढवायची वेळ आली की तुम्हाला गरीब गिऱ्हाईक आठवतं.

आणि गिऱ्हाईक तरी कसलं? बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नका असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली बजावलं. मालक कोर्टात गेले. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच सांगितलं. बरोबर झालं, जबरदस्ती नको. पण एवढी वर्षं तो दहा टक्के कोणाच्या खिशात जात होता, मोरीपर्यंत त्यातला एक पैसा तरी पोचला का, हे विचारायला किती ग्राहक उठले? आपले दहा टक्के वाचले, पैसा वसूल!

पुरा हिशेब करता येतो. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांनी तो केला होता. गिरणी कामगाराला दोन वेळचं स्वस्त जेवण मिळायचं ते त्यांच्या मनगटावर. सावकाराचं व्याज त्यांचं, धूर त्यांचा, आणि जेवणाच्या दरात त्यांची मजुरी शून्य. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्याबरोबर त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवलं आणि सावकाराच्या तावडीतनं सुटायची वाट काढली. जेवण स्वस्तच राहिलं, पण राबणारीचं नाव वहीत चढलं. सरकारनं १९९५ साली एक रुपयात झुणकाभाकर काढली, २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन काढलं. उपाशी माणसाला ताट मिळालं, चांगलं झालं. पण त्या ताटाच्या जाहिरातीत पुढाऱ्याचा फोटो होता, घासणारीचा नव्हता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आणि ते आधी आपल्या नोकरदार पोरांना आहे. पुढच्या दारानं आत जायला आपल्या दोन पिढ्यांनी मार खाल्लाय. आत बसून, ताव मारून, मागच्या दाराकडं पाठ करायला नाही. भरपेट खा. मटण खा, डोसा खा, वहीवाल्याला आडनाव मोठ्यानं सांगा, मोठ्यानं पुकारायला लावा. बिल तपासा, जास्त लावलं असेल तर भांडा. पण तारे द्यायच्या आधी वेटरला तीन गोष्टी विचारा. मोरीवाल्याला महिन्याला हातात किती मिळतात? तो याच टेबलावर, याच प्लेटीत जेवतो का? आणि चेंबर कोण काढतं, कशानं काढतं?

उत्तर मिळालं तर लिहा. जिथं तारे देता तिथंच लिहा, भाजीच्या चवीच्या खाली लिहा. उत्तर नाही मिळालं तर तेही लिहा. दहा हॉटेलांचं लिहिलंत तर शेट चिडतील, शंभरांचं लिहिलंत तर हिशेबाला बसतील. तोवर कोणी पैसा वसूल म्हणालं तर त्याला थांबवून विचारा : कोणाकडनं?

जयभीम.